आज कोरड्यास काय?

काल तू फोन ठेवलास तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि तुझ्या ओट्यावर अजून काहीच नव्हतं. तू सांगत होतीस शाळेच्या फीचं, पण माझा कान होता मागच्या आवाजांवर. लेकरू दोनदा येऊन 'आई, जेवायला काय?' विचारून गेलं. सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि काही न घेता परत लावला. मग तू म्हणालीस, "बघते ताई, काहीतरी मागवते." ते 'काहीतरी' मला रात्रभर टोचत राहिलं. म्हणून आज दुपारचं सगळं आवरून तुझ्याशी नीट बोलायला बसलेय. रागावणार नाहीये गं. तू दमतेस हे मला कळतं. दीड तास बसमध्ये उभी राहून घरी आलेल्या बाईला कुणी स्वयंपाकावरून बोलू नये. पण पैसे विसाव्या तारखेलाच संपतात म्हणालीस ना, त्यातले बरेच रात्रीच्या ताटावर जातायत, आणि ताट तरीही कुणाच्या मनासारखं होत नाही. दोन्ही बाजूंनी तुझंच नुकसान.

माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लहान होतीस आणि आईला कळू द्यायचं नव्हतं. लग्न होऊन शहरात आले तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की रात्री ताटात दोन भाज्या, आमटी, भात, पोळी, कोशिंबीर हवीच. रोज नवी भाजी आणायची, मासिकात वाचून काहीतरी वेगळं करायचं, त्यासाठी पावकिलो हे आणि शंभर ग्रॅम ते. निम्मं फ्रिजात सडायचं. तिसऱ्या महिन्यात पगाराला दहा दिवस राहिले असताना डब्यात पैसे उरले नाहीत. त्या संध्याकाळी मी आईनं दिलेली पिशवी पहिल्यांदा नीट उघडली. शेंगदाणे, हुलग्याचं पीठ, सांडगे, काळं तिखट, चिंचेचा गोळा. लग्नानंतर तीन महिने ती कॉटखाली पडून होती. मला वाटलं होतं, हे आता कशाला लागणार? पुढचे दहा दिवस आम्ही त्या पिशवीवर जेवलो, आणि माझ्या सासऱ्यांनी त्या दहा दिवसांत पहिल्यांदा भाकरी मागून घेतली.

आपल्या गावात बायका नळावर भेटल्या की काय विचारतात आठव. "आज कोरड्यास काय केलंस?" एवढंच. मेन्यू कुणी विचारत नाही. भाकरी आहेच हे धरून चाललेलं असतं. कोरड्या भाकरीला ओलं करणारी एक गोष्ट हवी, तिचं नाव कोरड्यास. पिठलं असो, आमटी असो, मटकी असो, नाहीतर नुसता ठेचा आणि वर तेलाची धार. एक. मी तुला आज हेच सांगायला बसलेय की रात्री एकच कोरड्यास कर, पण ते नीट कर, भरपूर कर, गरम वाढ. शेजारी कांदा फोड, मुळा किंवा काकडी चिरून ठेव. घरात चार माणसं आहेत, चौघांनी एकाच वेळी बसा. दुसरी भाजी नाही म्हणून कुणी उपाशी उठत नाही. पहिलीच कच्ची, घाईची, बेचव असली की माणूस उपाशी उठतो.

पण संध्याकाळी सात वाजता दारातून आत आल्यावर 'आज काय करू' हा विचार सुरू केलास तर मात्र एक कोरड्यासही जड जाईल. आई काय करायची बघ. तिचा रात्रीचा स्वयंपाक आदल्या रात्री झोपताना सुरू व्हायचा. मूठभर काहीतरी पातेल्यात भिजत घालायची आणि मगच दिवा मालवायची. तूही तेवढंच कर. रविवारी रात्री एक वाटी मटकी भिजत घाल. सोमवारी सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेव. आत्ताच्या दिवसांत सोमवारी रात्रीपर्यंत मोड डोकावतील, थंडीत मंगळवार उजाडेल. तेव्हा ती पुरचुंडी पिठाच्या डब्यावर ठेवायची, तिथं जरा ऊब असते. एका वाटीची अडीच-तीन वाट्या मटकी होते. त्यातली निम्मी उसळीला घे, निम्मी डब्यात भरून फ्रिजात ठेव, दोन दिवसांनी पोराच्या डब्याला कांदा-लिंबू घालून होईल. मोड आलेल्या मटकीला कुकर लावू नकोस. तिचा लगदा होतो आणि मग ती कुणीच खात नाही. कढईत फोडणीवर परतून, गरम पाणी घालून, झाकणावर पाणी ठेवून शिजव, दाणा बोटात दाबला गेला की झाली. पाणी जरा जास्तच ठेव. मटकीचं ते पाणीच तर कोरड्यास. काळं तिखट, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. भाकरी चुरून त्यात बुडवायची.

कूट मात्र तयार पाहिजे. रविवारी अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाज, घाई करू नकोस. बाहेरून काळे आणि आतून कच्चे दाणे कुटाला कडवट करतात. भाजायच्या आधी परातीत पसरून बघ. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा असेल तर काढून टाक, हळहळू नकोस, तो पोटाला वाईट. भाजून, सालं पाखडून, भरड वाटून डब्यात भर. ह्या एका डब्यावर आठवडा निघतो. आमटीला दाटपणा त्यातून येतो, पालेभाजीला गोडी त्यातून येते, आणि एखाद्या दिवशी काहीच नसेल तर त्यातच तिखट, मीठ, लसूण, जिरं घालून खलबत्त्यात कुटलंस की चटणी. सोलापूरची शेंगाचटणी मिक्सरमधल्या चटणीपेक्षा वेगळी का लागते? कुटताना दाण्यातलं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा धरणारी होते. मिक्सरमध्येच करणार असशील तर थांबत थांबत फिरव, एकदम फिरवलीस तर नुसती भुकटी होईल.

आता पिठलं. तू म्हणशील, ताई, पिठलं काय शिकवतेस! पण मागे मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू केलेलं पिठलं मी गपचूप खाल्लं होतं, आज सांगते, ते कच्चं होतं. डाळीच्या पिठाचा कच्चा वास जायला वेळ द्यावा लागतो. चौघांना एक भरलेली वाटी बेसन पुरतं, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याला साडेतीन वाट्या पाणी. कढईत तेल जरा सढळ हातानं घे, पिठल्यात तेलाची कंजुषी चालत नाही. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मग ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा तांबूस होईपर्यंत थांब, इथेच सगळे चुकतात. मग हिरव्या मिरच्या, मग उभा चिरलेला कांदा, तो मऊ पडला की हळद. एक वाटी पाण्यात पीठ गुठळ्या न ठेवता कालवून घे. उरलेलं अडीच वाट्या पाणी मीठ घालून फोडणीवर उकळू दे, आणि चांगली उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. ते एकदम घट्ट व्हायला लागेल, घाबरू नकोस. गॅस बारीक कर, झाकण ठेव आणि सात-आठ मिनिटं वाफ येऊ दे, मधे दोनदा हलव. वरती तकाकी आली, कडेनं तेल दिसायला लागलं की समज झालं. वर कोथिंबीर. कढईला खाली जी खरवड धरते ती खरवडून पोराला दे. आपण दोघी त्या खरवडीसाठी किती भांडायचो!

घरी आंबट ताक असेल तर पाण्याऐवजी ते वापर, मग कांदा नको. कांदा नसेल तर शेवग्याच्या शेंगा उकडून टाक. आणि पातळ नको असेल त्या दिवशी पाणी कमी ठेवून उकळीवर कोरडंच पीठ पेर, झाकून वाफव आणि मोकळं कर, तो झुणका. कोरडा झुणका सकाळच्या डब्याला चांगला, सांडत नाही. पिठलं गरीब माणसाचं खाणं आहे असं तुझ्या मनात कुठंतरी आहे, मला ठाऊक आहे. 1995 साली राज्य सरकारनं एक रुपयात पोट भरायची केंद्रं काढली तेव्हा ताटात काय द्यायचं ठरवलं? झुणका-भाकर. कारण अख्ख्या महाराष्ट्राला हे जेवण आहे हे सांगावं लागलं नसतं. आणि हे नुसतं स्वस्त नाही. ज्वारीत जे कमी पडतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते ज्वारीत, दोन्ही एका घासात गेलं की अंगाला लागतं. ज्या बायांनी दिवसभर खुरपलं आणि संध्याकाळी पिठलं-भाकरी खाऊन पुन्हा पहाटे उठल्या, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

भाकरीवर मात्र जरा वेळ देऊ, कारण तुझी खरी भीती तीच आहे. तू पोळ्या मागवतेस, कारण भाकरी मोडते. मोडते कारण तुझं पीठ जुनं आहे. दुकानातून आणलेल्या पुड्यातलं पीठ कधी दळलेलं असतं कुणास ठाऊक. ज्वारीच्या पिठाची विरी जाते म्हणतो ना आपण, म्हणजे त्याची एकमेकाला धरून राहायची ताकद जाते. गव्हात चिवट ग्लुटेन असतं, ज्वारीत नसतं, म्हणून ताजेपणाच तिचा आधार. दोन किलो ज्वारी दळून आण, दहा-बारा दिवसांत संपव, मग पुन्हा दळ. बाजरीचं तर आणखी थोडं, ते पीठ आठवड्यातच कडवट लागायला लागतं. चक्कीवाल्याला सांग, गव्हावर नको, ज्वारीवर ज्वारी दळ आणि बारीक दळ.

पीठ जुनंच असेल आणि आजच भाकरी करायची असेल तर गरम पाणी हा उपाय. परातीत पिठाच्या मधे खळगा करून उकळतं पाणी घाल, उलथन्यानं कालव, पाच मिनिटं झाकून ठेव. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. मग थोडं साधं पाणी घेऊन मळ. मळायचं म्हणजे नुसतं गोळा करायचं नाही, तळव्याच्या मागच्या भागानं पीठ परातीला घासत घासत पुढे न्यायचं, परत ओढायचं. एका भाकरीचंच पीठ मळ. चार भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलंस तर शेवटची हमखास मोडणार. गोळा लोण्यासारखा झाला, बोट दाबल्यावर कडेला भेगा पडल्या नाहीत की परातीत पीठ भुरभुर आणि थापायला घे. मधे जोर नको, बोटांची टोकं कडेकडेनं फिरव, भाकरी आपोआप गोल गोल सरकायला लागते. ती सरकली की तुझं काम झालं. आज्जी पलीकडच्या खोलीत पडून असायची आणि आपल्या थापण्याच्या आवाजावरून ओरडायची, 'सैल झालं गं पीठ!' तिला दिसत काही नव्हतं. थाप ओली पडली की चपचप वाजते, बरोबर पडली की टणक, सुकी वाजते.

तवा आधी चांगला तापलेला हवा. भाकरी अलगद उचलून अशी टाक की पिठाची बाजू वर येईल. लगेच त्या बाजूला ओल्या हातानं पाणी फिरव, कडेपर्यंत. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, त्या क्षणी उलट. जास्त सुकू दिलंस तर भेगा पडतील. दुसरी बाजू नीट भाजू दे, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर धर. टम्म फुगली तर पापुद्रा सुटला. नाही फुगली तरी ती भाकरीच आहे, तोंड पाडून बसू नकोस. पहिले पंधरा दिवस तुझ्या भाकऱ्यांना नकाशाचे आकार येतील. माझ्या आल्या होत्या. लहान कर, तळहाताएवढ्या, लहान भाकरी मोडत नाही. एक किलो पिठात मध्यम दहा-बारा भाकऱ्या होतात, म्हणजे चौघांच्या दोन रात्री आरामात निघतात. आणि शेवटची भाकरी उतरली की तापलेला तवा तसाच विझवू नकोस. त्यावर थेंबभर तेल, चार मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या, मूठभर दाणे, मीठ. मिरच्यांना डाग पडले की तव्यातच तांब्याच्या बुडानं रगड. ठेचा झाला, वेगळा गॅस लागला नाही, वेगळं भांडं पडलं नाही.

ज्या दिवशी भाकरी थापायचंही त्राण नसेल, त्या दिवसासाठी आपल्याकडे एका भांड्यातली जेवणं आहेत. आईच्या पिशवीतल्या हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे मी त्याच दहा दिवसांत शिकले. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, एक वाटी गव्हाचं किंवा ज्वारीचं, त्यात लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, हळद, मीठ, थोडा ओवा, आणि घट्ट मळ. हाताला तेल लावून बोटाएवढ्या वळ्या कर आणि दोन्ही टोकं जोडून कडी कर. हे काम लेकराला दे, त्याला ते मातीकामासारखं वाटेल आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला राहील. कढईत लसणाची फोडणी, भरपूर पाणी, पाणी खळखळलं की एकेक शेंगोळं सोड. सोडल्या सोडल्या ढवळू नकोस, तुटतील. वीसेक मिनिटं शिजव, शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून घाल म्हणजे रस दाट होईल. वाडग्यात घ्यायचे, वर कच्चं तेल किंवा तूप. पावसात ह्याच्यासारखं जेवण नाही, आणि हे मी मायेपोटी म्हणत नाही, माझ्या सासरचे सगळे अजून जुलै उजाडला की मागतात.

चकोल्याही तशाच. तुरीच्या वरणाची पातळ आमटी कर, चिंच-गूळ घालून. गव्हाची कणीक लाटून शंकरपाळ्यासारखी काप आणि उकळत्या आमटीत एकेक सोड. काही घरांत वरणफळं म्हणतात. वर तूप हवं, बाकी काही नको. सासूबाईंना दातांचा त्रास आहे ना, त्यांना हे फार सोयीचं पडेल. ताक-कण्याही त्यांच्यासाठी कर. ज्वारी भरड दळून आण, मिठाच्या पाण्यात मऊ शिजव, गार झाल्यावर ताक घाल. उन्हाळ्यात रात्री आपल्या आज्जीनं दुसरं काही खाल्लेलं मला आठवत नाही.

भाजी आणताना एक कर. सकाळी सोसायटीच्या दारात येते ती घेऊ नकोस, महाग पडते. आठवडी बाजारात उतरत्या उन्हाला जा, बायका उरलेल्या जुड्या घरी न्यायला तयार नसतात. त्या हंगामाची, त्या मातीतली पालेभाजी घे. थंडीत हरभऱ्याचा पाला, करडई, चंदनबटवा. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी. अंबाडी शिजवून, पिळून, तुरीच्या डाळीत आणि थोड्या कण्यांत घोट, आणि वाढताना वर लसणाची चरचरीत फोडणी ओत. आंबट चुका आणि पालक एकत्र घोटून दाण्याचं कूट घातलंस की गरगट्टं. मुळ्याचा पाला फेकतेस का? फेकू नकोस, बारीक चिरून मुगाच्या डाळीबरोबर परत, झालंच. पालेभाजीबरोबर लिंबाची फोड दे, त्या आंबटानं पाल्यातलं लोह अंगात जास्त जिरतं. तुझं हिमोग्लोबिन मागे कमी आलं होतं ना, गोळीच्या जोडीला हेही चालू ठेव. मला तुझी काळजी वाटते गं, चेहरा ओढलेला दिसतो फोटोत.

जूनपासून भाज्या महागतात तेव्हाची तरतूद एप्रिल-मेच्या उन्हातच करायची असते. तुझ्या बाल्कनीत दोन तास का होईना ऊन येतं. एक साडी अंथर आणि मटकी-हरभऱ्याच्या भरड डाळीचे सांडगे घाल, चार-पाच दिवसांत कडकडीत वाळतील. ओले डब्यात भरलेस तर बुरशी येईल, म्हणून एक फोडून बघ, आत ओल नाही ना. जुलैत रात्री आठला आलीस आणि घरात एकही भाजी नसेल तर मूठभर सांडगे तेलावर तांबूस परत, कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात टाक, वीस मिनिटांत आमटी. गवारही कोवळी असताना उकळत्या पाण्यातून काढून वाळवून ठेवता येते. यंदा जमलं नाही तर राहू दे. मी घालते तुझ्या वाटणीचे.

उरलेल्या भाकरीला शिळी म्हणून नाक मुरडू नकोस. सकाळी ती कुस्कर, कांदा-मिरची-दाण्याची फोडणी दे, लिंबू पिळ. जावईबापूंना ऑफिसला डब्यात दे, चारजण मागतील. आई तर म्हणायची, शिळ्या भाकरीवर दूध आणि गूळ मिळालेलं पोर आजारी पडत नाही. आईच्या हातून भाकरीचा तुकडा टाकलेला कधी पाहिलास? 1972 च्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची होती. घरची ज्वारी संपली होती, अमेरिकेतून आलेला लाल मिलो जोंधळा खावा लागला होता. त्याच्या भाकरीला ना चव ना रंग, तरी रांगेत उभं राहून आणायचा. तिला अजूनही कुणी ताटात भाकरी उष्टी टाकली की घास गिळवत नाही. ती रागावत नाही, नुसती गप्प होते. पोराला तू हे सांग, त्याला समजेल एवढं सांग.

आणि हे सगळं एकटीनं करू नकोस. आपल्याला लहानपणापासून शिकवलं की चुलीजवळ बाई. मी ते मानत राहिले आणि पाठदुखी घेऊन बसले, तू मानू नकोस. जावईबापू तुझ्याआधी तासभर घरी येतात. कांदा चिरणं, मटकी धुऊन चाळणीत काढणं, पीठ दळून आणणं, एवढं त्यांनी करायचं. सांगताना चिडून सांगू नकोस, पण सांग, न सांगता कुणाला कळत नाही. मी ह्यांना भाकरी शिकवली तेव्हा चाळिशी उलटली होती त्यांची. आज रविवारच्या भाकऱ्या तेच करतात आणि माझ्यापेक्षा पातळ थापतात. सासूबाईंनाही कामाला लाव. त्या बसून आहेत म्हणून त्यांना वाटतं आपण ह्या घरात पाहुण्या. लसूण सोलायला दे, दाणे पाखडायला दे, चव विचार. मीठ कसं झालंय हे त्यांना विचारलंस ना, की फ्रिज उघडून बंद करायच्या थांबतील.

परवा तुझ्याकडे पाहुणे यायचेत म्हणून तू पनीर आणि दोन गोड पदार्थ मागवणार आहेस. त्या पैशात पंधरा दिवसांचा किराणा येतो. माझं ऐक, भरली वांगी कर किंवा पिठलंच कर, गरम भाकरी, ठेचा, कांदा, ताक, शेवटी भातावर तूप. पुण्यात लोक हेच जेवायला गाडी काढून शहराबाहेरच्या ढाब्यांवर जातात आणि हजार रुपये देऊन येतात. पाहुण्यांना काय मिळतं ह्यापेक्षा तू त्यांच्याजवळ किती वेळ बसतेस ते त्यांच्या लक्षात राहतं, आणि एकच कोरड्यास असेल तर तुला बसता येईल.

दादा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर दहा किलो ज्वारी पाठवतेय, मंगळवेढ्याकडची, आपल्या काळ्या रानातली मालदांडी. पावसाळी ज्वारीपेक्षा महाग मिळते ती बाजारात, पण ही हिवाळ्याच्या नुसत्या ओलीवर आलेली आहे, भाकरी पांढरी आणि गोडसर होते. त्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णा किती दिवस गावभर सांगत फिरले होते. निम्मी निवडून आहे, निम्मीत थोडे खडे असतील, चाळून घे. पिशवीत हुलग्याचं पीठ छोट्या डब्यात आहे, काळं तिखट बरणीत, बरणीच्या झाकणाखाली कागद घातलाय तो काढू नकोस, तेल झिरपत नाही. सांडगे वरती ठेवलेत, त्यांच्यावर काही ठेवू नकोस, चुरा होईल.

ती पिशवी कॉटखाली सरकवू नकोस. शनिवारीच पाच किलो दळायला टाक, निम्मी तुझ्या शेजारच्या काकूंना दे, त्या तुझं पोर सांभाळतात. रविवारी सात वाजता मी फोन करीन. बोलत बसायचं नाही, हात पिठात असतील तुझे. फोन नुसता परातीशेजारी उघडा ठेव. थाप चपचप पडतेय की सुकी, एवढं मला इकडून ऐकू दे.